तो 'सहकलाकार' म्हणजे सॅमो हंग, साहेब

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत कुंग फू कॉमेडीवर पानभर लेख आला. बरं वाटलं, मराठी पेपरात या विषयाला एवढी जागा कोण देतं. पण सोबतच्या फोटोखाली छापलंय 'जॅकी चॅन व सहकलाकार'. आता तो फोटो आहे 'व्हील्स ऑन मील्स'चा, १९८४ चा, आणि त्यातला तो गोल चेहऱ्याचा जाडा सहकलाकार म्हणजे सॅमो हंग, त्या सिनेमाचा डिरेक्टर. लग्नाच्या फोटोत नवरदेवाच्या बापाला 'व इतर' म्हणावं तसं झालं हे.

लेखात त्याच्यावर दोनच ओळी आहेत, 'जॅकीचा जाडा विनोदी मित्र' वगैरे. मित्र खराच, पण आधी सीनियर. हाँगकाँगमध्ये यू जिम युएन नावाच्या गुरूंची पेकिंग ऑपेराची, म्हणजे चिनी संगीत नाटकाची, शाळा होती, तिथे सॅमो वयाच्या नवव्या वर्षी गेला, सात वर्षं राहिला. पहाटेपासून कोलांट्या, तासतास हातावर उभं राहणं, गाणं, तलवार, काठी आणि चुकलं की छडी. स्टेजवर ही पोरं गुरूच्या नावातला 'युएन' लावायची, आपल्याकडे घराणं सांगतात तसं, म्हणून युएन बियाओ, युएन वा, कोरी युएन अशी सगळी नावं दिसतात. जॅकीसुद्धा तिथलाच, वयाने दोनेक वर्षं लहान. आणि शाळेत या थोरल्या दादाच्या हाताखाली धाकट्यांनी मारही खाल्लाय, तो काही साधुसंत नव्हता. पुढे 'प्रोजेक्ट ए' सिनेमाच्या वेळी सेटवर दादा दोन झाले, जॅकीला 'दादा' म्हणायचं तर सॅमोला काय, म्हणून तो 'दाई गो दाई' झाला, म्हणजे दादांचा दादा. सॅमो हे नावपण खरं नाही बरं का, खरं हंग काम-बो. तिकडे तीन केसांच्या एका पोराची चित्रकथा फेमस होती, त्यावरून पडलेलं टोपणनाव.

जाडेपणाचीही गोष्ट आहे. शाळा सुटायच्या सुमारास, सोळाव्या वर्षी त्याला मोठी दुखापत झाली, बरेच दिवस अंथरुणात, तेव्हा वजन वाढलं ते वाढलंच. पण अंगातली पलटी काही गेली नाही.

आमच्या गल्लीत तेव्हा वर्गणी काढून रात्रभरासाठी व्हीसीआर आणि कलर टीव्ही भाड्याने आणायचे, एका रात्रीत तीन पिक्चर, तिसरा लागेपर्यंत निम्मी गल्ली घोरत. त्यात कधीतरी हाँगकाँगची कॅसेट यायची, प्रिंट अशी की पडद्यावर पाऊस पडतोय असं वाटावं. तर हा जाड्या दिसला की आम्ही पोरं आधीच हसायला तयार. जाडा माणूस म्हटलं की तो खुर्ची मोडणार, दारात अडकणार, धपकन पडणार, ठरलेलं. आणि हा बाबा उभ्या जागी मागे कोलांटी मारून मांजरासारखा पायावर उतरायचा. सगळी गल्ली एकदम चूप आणि मग शिट्ट्या! त्याची गंमत मला तरी इथेच वाटते, लोक ज्या अंगाला हसायला बसलेत त्याच अंगाने तो त्यांना आ वासायला लावतो.

'एंटर द ड्रॅगन' आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलाय. त्यात अगदी सुरुवातीला ब्रूस ली छोटे ग्लोव्हज घालून ज्याच्याशी लढतो आणि शेवटी हात पिरगाळून ज्याला हार मानायला लावतो तो २१ वर्षांचा सॅमोच आहे. ते १९७३, आणि त्याच वर्षी ब्रूस ली गेला. मग नकली ब्रूस लींचं पीकच आलं, तसाच चष्मा, तसंच नाक पुसणं. त्यावर सॅमोने १९७८ मध्ये 'एंटर द फॅट ड्रॅगन' काढला. त्यात तो डुकरं पाळणारा खेडवळ पोरगा आहे, ब्रूस लीचा भक्त, काकाच्या हॉटेलात मदतीला शहरात येतो आणि एका शूटिंगवर जाऊन नकली ब्रूस लीलाच बदडतो. ढेरी तशीच, केस तसेच, पण लाथ अशी की डोळे मिटले असते तर ब्रूस लीच वाटला असता (डोळे मिटून लाथ दिसत नाही हे मला कळतं, भावना समजून घ्या).

आणि १९८० चा 'एन्काउंटर्स ऑफ द स्पूकी काइंड', भूत, कुंग फू आणि कॉमेडी एकाच पातेल्यात. त्यात त्याचा स्वतःचा हात मंत्राने बिथरतो आणि हॉटेलात बसल्याबसल्या लोकांना मारत सुटतो, चेहरा माफी मागतोय आणि हात थोबाडीत देतोय, हे एकदा बघाच. उड्या मारत चालणाऱ्या चिनी प्रेतांच्या सिनेमांची लाट इथूनच उसळली, १९८५ च्या 'मिस्टर व्हँपायर'चा निर्माताही हाच. लेखात यातलं एक अक्षर नाही.

लेखकाने जॅकीची बेस्ट फाइट म्हणून जी सांगितलीय, बार्सिलोनाच्या वाड्यातली, किकबॉक्सर बेनी उर्किदेझबरोबरची, ज्यात नुसत्या लाथेच्या वाऱ्याने मेणबत्त्या विझतात, ती माझीही आवडती. पण ती 'व्हील्स ऑन मील्स'मधलीच, आणि त्या सिनेमाचा डिरेक्टर कोण ते वर सांगितलंच. धाकट्याला एवढी फाइट देऊन स्वतः सॅमो त्यात बावळट डिटेक्टिव्ह झालाय.

बाकी करिअर भराभर सांगतो, जागा कमी. १९८८ च्या 'पेंटेड फेसेस'मध्ये त्याने आपल्या गुरूचीच भूमिका केली, ज्यांनी छड्या मारल्या त्यांची, आणि हाँगकाँगचं बेस्ट अॅक्टरचं अवॉर्ड घेतलं. १९९८ ते २००० अमेरिकन टीव्हीवर 'मार्शल लॉ', इंग्रजी जेमतेम तरी हिरो. मग हार्टचं ऑपरेशन, आणि तरी २०१० च्या 'इप मॅन २'मध्ये गोल टेबलावर हिरो डॉनी येनशी फाइट, बसवलेलीही त्यानेच. आमच्याकडे ऑपरेशननंतर माणूस पिशवी उचलायला घाबरतो! २०२४ मध्ये, ७२ व्या वर्षी, 'ट्वायलाइट ऑफ द वॉरियर्स'मध्ये गुंडांचा म्होरक्या.

सगळंच ग्रेट होतं असंही नाही. त्याच्याच 'लकी स्टार्स' सिनेमांच्या सिरीजमधले बायकांवरचे पाचकळ जोक आज पोरांसमोर लावायची लाज वाटते, तेवढा भाग मी फास्ट फॉरवर्ड करतो.

तर विनंती एवढीच की येत्या रविवारी कोपऱ्यात दुरुस्ती छापा, 'डावीकडून जॅकी चॅन, युएन बियाओ आणि दिग्दर्शक सॅमो हंग'. फोटोत डावीकडून कोण कसं उभं आहे ते मात्र एकदा तपासून घ्या, माझ्याकडचा अंक रद्दीत गेलाय.

आपला,
एक जुना वाचक, मिरज