बी.एस्सी.चा अभ्यासक्रम बदलला. जीवशास्त्र कळले का, हे कोण तपासणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील स्वायत्त महाविद्यालयांत 2023-24 पासून आणि संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून बी.एस्सी.चा नवा आराखडा लागू झाला. मेजर-मायनर (मुख्य आणि जोड विषय), क्रेडिट, ओपन इलेक्टिव, आयकेएस (भारतीय ज्ञानपरंपरा), ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचे प्रशिक्षण), चौथे वर्ष यांवर भरपूर बोलले गेले. पण प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र घेतलेल्या मुलाला तीन वर्षांनंतर जीवशास्त्र आधीच्या मुलांपेक्षा जास्त कळते का, हा साधा प्रश्न कोणी विचारताना दिसत नाही. तालुक्याच्या गावातील महाविद्यालयात माझी सगळी नोकरी प्राणिशास्त्र शिकवण्यात गेली. वेगवेगळ्या नावांनी आलेल्या अनेक सुधारणा तिथे राबवताना पाहिल्या, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर महाविद्यालयांकडे तयार असते: ‘सीओ अटेन्मेंट’, म्हणजे पेपरची उद्दिष्टे किती साध्य झाली याचा हिशेब. प्रत्येक पेपरची पाच-सहा उद्दिष्टे लिहायची, अंतर्गत आणि विद्यापीठ परीक्षेचे गुण एक्सेलमध्ये भरायचे, ठरवलेल्या टक्क्यांइतक्या मुलांनी ठरवलेले गुण मिळवले की त्या उद्दिष्टापुढे 2 किंवा 3 हा आकडा आपोआप उमटतो. हे तक्ते आयक्यूएसीकडे (महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाकडे) जातात, तिथून महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलमध्ये. यात प्रश्न काढणारे आपण, तपासणारे आपण आणि पातळी ठरवणारेही आपणच. अंतर्गत परीक्षेत सैल हाताने गुण दिले की अटेन्मेंट वाढते. प्रश्न दरवर्षी वेगळे असल्याने मागच्या वर्षाशी तुलना होऊ शकत नाही, आणि मूल वर्गात आले तेव्हा त्याला काय येत होते याची नोंद कुठेच नसते. शिक्षक हे तक्ते प्रामाणिकपणे भरतात, रात्र रात्र बसून भरतात. पण त्यातून शिकणे मोजले जात नाही.

मोजणे म्हणजे काय, याचे एक उदाहरण देते. ‘एवढ्याशा बीपासून वडाचे एवढे मोठे झाड झाले, त्याचे वजन कुठून आले?’ हा प्रश्न मी वनस्पतिशास्त्र घेतलेल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांनाही विचारत असे. प्रकाशसंश्लेषणातले केल्विन चक्र बाणांसह न चुकता काढणारी मुले ठामपणे ‘मातीतून’ म्हणत. सतराव्या शतकात व्हॅन हेल्मॉन्ट या शास्त्रज्ञाने सुमारे 90 किलो मातीत विलोचे रोप लावून 5 वर्षे वाढवले. झाड 70 किलोंहून अधिक वाढले आणि माती जेमतेम 50-60 ग्रॅमने घटली. त्याने निष्कर्ष काढला पाण्याचा, कारण हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा हिशेब तेव्हा कोणाला ठाऊक नव्हता. आमच्या मुलांना मात्र तो वायू ठाऊक असतो, त्याचे सूत्र पाठ असते, तरी झाडाचे लाकूड त्यातल्या कार्बनपासून बनते हे लक्षात आलेले नसते. दुसरा प्रश्न: प्रतिजैविके निकामी का होऊ लागली? उत्तर येते, ‘जीवाणू औषधाला सरावतात.’ औषध पोचण्याआधीच काही मोजके जीवाणू उत्परिवर्तनामुळे (जनुकांतल्या बदलामुळे) त्याला दाद न देणारे असतात, बाकीचे मरतात आणि याच मोजक्यांची प्रजा वाढते, हे सांगणारा विद्यार्थी क्वचित भेटतो. नैसर्गिक निवडीवरचा दहा गुणांचा प्रश्न मात्र तोच विद्यार्थी उत्तम लिहून आलेला असतो.

अमेरिकेत हे काम बरेच पुढे गेले आहे. तिकडचे सगळेच चांगले असे मला म्हणायचे नाही, पण सुधारणा केल्यावर ती तपासून पाहण्याची सवय घेण्यासारखी आहे. नैसर्गिक निवड कितपत कळली हे पाहण्यासाठी 2002 मध्ये तिथे 20 प्रश्नांचा एक संच तयार झाला. गॅलापागोसचे फिंच पक्षी, व्हेनेझुएलातले गप्पी मासे, कॅनरी बेटांवरचे सरडे यांच्यावरचे हे प्रश्न. चुकीचे पर्याय मुलांच्या खऱ्याखुऱ्या गैरसमजांवरून बेतलेले, त्यामुळे पाठांतर फारसे उपयोगी पडत नाही. असा संच सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी त्याच मुलांना दिला की फरक दिसतो.

अशा तपासणीतून काय हाती आले तेही पाहण्यासारखे आहे. 2014 मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी वर्गांवरचे 225 अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. नुसते व्याख्यान असलेल्या वर्गांत सरासरी 33.8 टक्के मुले नापास होत होती. मुलांना प्रश्न, चर्चा, गटकार्य यांत गुंतवणाऱ्या वर्गांत 21.8 टक्के. एवढेच वाचले तर वाटेल, झाले, व्याख्याने बंद करा आणि गट पाडा. पण 2011 चा आणखी एक अभ्यास आहे. त्यात जीवशास्त्राचे 33 प्रास्ताविक कोर्स यादृच्छिक पद्धतीने निवडले होते. तिथे गटचर्चा वगैरे किती वापरले जाते आणि मुलांना नैसर्गिक निवड किती कळते, यांचा काहीच संबंध आढळला नाही. आधीच्या बहुतेक यशस्वी प्रयोगांतले शिक्षक स्वतः शिक्षणशास्त्राचे संशोधक होते; सर्वसाधारण शिक्षकाने पद्धतीचे बाहेरचे रूप उचलले, पण मुलांचे गैरसमज उकरून काढण्याचे मुख्य काम त्यात राहून गेले असावे, असे त्या अभ्यासकांचे म्हणणे. मला हे मनोमन पटते, कारण आपल्याकडे ‘स्टुडंट सेंट्रिक मेथड’ म्हणून मुलांकडून पीपीटी करून घेतल्या जातात. एक मुलगा वाचून दाखवतो, बाकीचे ऐकतात.

त्याच वर्षीचा तिसरा अभ्यास तर आपल्या प्रत्येक एफडीपीच्या (प्राध्यापक प्रशिक्षणाच्या) आयोजकाने वाचायला हवा. नव्या अध्यापन पद्धतींची कार्यशाळा केलेल्या जीवशास्त्राच्या प्राध्यापकांपैकी 89 टक्क्यांनी आपण शिकवण्यात बदल केल्याचे कळवले. मग त्यांच्या तासांचे व्हिडिओ पाहिले, तर 75 टक्के प्राध्यापक पूर्वीसारखेच, मुख्यतः व्याख्यान देत होते. कोणी खोटे बोलले असे मला वाटत नाही. आपण बदललो असे त्यांना मनापासून वाटत असणार. कार्यशाळेच्या शेवटच्या दिवशी भरून घेतलेल्या अभिप्रायाच्या फॉर्मवर आपल्याकडे उपक्रम ‘यशस्वी’ ठरतो. रिफ्रेशर कोर्स झाले, एफडीपी झाले, प्रमाणपत्रे कॅसच्या (पदोन्नतीच्या) फाइलला लागली. पुढच्या सोमवारी वर्गात काय वेगळे घडले, हे पाहायला कोणी आले नाही.

प्रात्यक्षिकांबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण जीवशास्त्र तिथेच शिकले जाते. कांद्याच्या मुळाच्या टोकाचा स्क्वॅश (चेपून केलेली स्लाइड) हे पेशीविभाजनाचे प्रात्यक्षिक सगळीकडे होते. जर्नलमध्ये प्रोफेज, मेटाफेज, अनाफेज, टेलोफेज अशी विभाजनाच्या अवस्थांची चार सुबक चित्रे ओळीने असतात. मायक्रोस्कोपमध्ये मात्र बहुतेक पेशी इंटरफेजमध्ये, म्हणजे दोन विभाजनांमधल्या अवस्थेत असतात आणि मेटाफेज शोधावी लागते. ‘तुझ्या स्लाइडमध्ये कोणत्या अवस्थेतल्या किती पेशी दिसल्या?’ असे विचारले की जर्नल पूर्ण असलेली मुलेही गप्प होतात, कारण चित्रे पुस्तकातून किंवा सीनियरच्या जर्नलमधून उतरलेली असतात. आम्ही पुढे पुढे मुलांना वेगवेगळ्या फील्डमधल्या पेशी मोजायला लावून सगळ्या बॅचचे आकडे फळ्यावर एकत्र मांडू लागलो. ज्या अवस्थेत जास्त पेशी, ती अवस्था जास्त वेळ चालते, हे मग कोणाला सांगावे लागत नसे, मुले भांडून भांडून स्वतःच तिथपर्यंत येत. याला एक रुपया जास्तीचा लागला नाही. परीक्षेत मात्र स्पॉटिंग तसेच राहिले: स्लाइड पाहा, ओळखा, दोन वैशिष्ट्ये लिहा, घंटा वाजली की पुढे सरका. परीक्षा तशीच राहिली तर मुले तिचीच तयारी करणार.

विच्छेदनाचेही तेच. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2011 पासून टप्प्याटप्प्याने आणि 2014 मध्ये पूर्णपणे प्राण्यांचे विच्छेदन थांबवायला सांगितले. निर्णय योग्य होता. बेडकांचा तो संहार मी डोळ्यांनी पाहिला आहे. त्याजागी संगणकावरची चित्रफीत आणि तक्ते आले. त्यांतून शरीररचना मुलांना आधीइतकी कळते, कमी कळते की जास्त, हे राज्यभर पद्धतशीर तपासायला हवे होते. त्या वेळी दोन्ही प्रकारे शिकलेली मुले उपलब्ध होती. आता ती तुलना करता येणार नाही.

नव्या धोरणाबाबत तीच संधी हातची जाऊ नये. संलग्न महाविद्यालयांत 2024-25 मध्ये प्रवेश घेतलेली पहिली तुकडी 2027 च्या उन्हाळ्यात तीन वर्षे पूर्ण करते. ती आली तेव्हा तिला काय येत होते याची नोंद आपण ठेवली नाही. येत्या जूनपासून येणाऱ्यांची ठेवता येईल. विद्यापीठांच्या जीवशास्त्र विषयांच्या अभ्यास मंडळांनी मिळून पंधरा-वीस मूलभूत प्रश्नांचा संच करावा, मराठीत आणि इंग्रजीत, काही पर्यायी आणि काही दोन-तीन ओळींत कारण लिहायला लावणारे. प्रवेशाच्या पहिल्या आठवड्यात आणि तिसऱ्या वर्षाच्या शेवटी तोच संच त्याच मुलांना द्यावा. निदान काही प्रयोगशाळांत बाहेरच्या माणसाने बसून मुले प्रत्यक्षात काय करतात ते टिपावे. हे शास्त्र जाणणारी माणसे दूर नाहीत. मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र विज्ञान शिक्षणावरच संशोधन करते, आणि पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेने महाविद्यालयीन शिक्षकांसाठी अध्यापन पद्धतींच्या कार्यशाळा घेतल्या आहेत.

शिक्षक लगेच म्हणतील, आणखी एक फॉर्म! त्यांचा त्रागा खरा आहे. कित्येक जागा रिकाम्या आहेत, तासिका तत्त्वावरचे तरुण सहकारी तुटपुंज्या मानधनावर दोन-दोन महाविद्यालये सांभाळतात. म्हणूनच या संचाचे गुण कॅस, नॅक किंवा महाविद्यालयाच्या क्रमवारीला अजिबात जोडू नयेत. जोडले की पुढच्या वर्षी त्याचेही गाइड निघेल. पेपर बाहेरच्यांनी तपासावेत आणि त्या मोबदल्यात अटेन्मेंटचे तक्ते रद्द करावेत, म्हणजे शिक्षकांचा वेळ उलट वाचेल. निकालासोबत त्या विभागात किती पूर्णवेळ शिक्षक होते, एका बॅचला किती मायक्रोस्कोप होते, याचीही नोंद हवी, म्हणजे धोरणाचा दोष शिक्षकाच्या माथी आणि रिकाम्या जागांचा दोष धोरणाच्या माथी जाणार नाही. निकाल चांगले असोत वा वाईट, विद्यापीठांनी ते आपल्या संकेतस्थळावर मराठीत जाहीर करावेत. महाविद्यालयांची नावे गाळली तरी चालतील, प्रश्नागणिक किती मुलांचे उत्तर तीन वर्षांत बदलले ते मात्र गाळू नये.

– एक निवृत्त प्राध्यापिका (प्राणिशास्त्र), सातारा