गुडघे बदललेल्यांची तपासणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विमानतळावरील तपासणीविषयीचा कालच्या अंकातील लेख वाचला. तपासणी सर्वांना सारखीच असल्याने कोणी कुरकुर करू नये, असे लेखकाचे म्हणणे आहे. त्यांना दोन्ही गुडघे जन्माचेच लाभले आहेत, याबद्दल त्यांचे अभिनंदन.

माझ्या पत्नीचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत, त्यामुळे धातूशोधक चौकटीतून ती गेली की यंत्र वाजणार हे ठरलेलेच. मागच्या प्रवासात एका मोठ्या विमानतळावर तिने शस्त्रक्रियेचा दाखला पुढे केला, तो कोणी उघडूनही पाहिला नाही. पडद्याआड नेऊन तिला साडी गुडघ्यांच्या वर धरायला लावली आणि व्रणांवरून हातातले यंत्र पुन्हा पुन्हा फिरवले. तेवढा वेळ तिची पर्स पट्ट्याच्या टोकाशी बेवारस पडून होती; तिची मात्र कोणाला शंका आली नाही.

तपासणाऱ्या भगिनी उद्धट नव्हत्या, हे मान्य करायला हवे. पण त्या चौकटीला केवळ धातू कळतो. कोणी प्लॅस्टिक स्फोटक अंगावर बांधून गेला तर ती गप्प बसेल आणि सत्तरीच्या बाईच्या गुडघ्यांवरून बोंब ठोकेल. मिलिमीटर लहरींचा बॉडी स्कॅनर कपड्यांखालची बिगरधातूची वस्तूही टिपतो आणि त्या लहरी त्वचेच्या आत शिरत नसल्याने बदललेल्या सांध्यावरून तो कोणाला अडवत नाही. असे स्कॅनर बसवण्याचे आदेश नागरी विमान सुरक्षा ब्युरोने 2019 मध्येच काढले होते. अभिनेत्री-नृत्यांगना सुधा चंद्रन यांनी दर वेळी कृत्रिम पाय काढावा लागतो म्हणून 2021 मध्ये थेट पंतप्रधानांना साकडे घातले, तेव्हा त्यांची माफी मागण्यात आली. नाशिकरोडच्या निवृत्त शिक्षिकेच्या वाट्याला अजून ‘बाजूला उभ्या राहा’ एवढेच येते.

समानतेचे म्हणाल, तर राष्ट्रपती, राज्यपाल, मुख्यमंत्री आदींना तपासणीतून सूट देणारी यादी आहेच, आणि कोणतेही पद नसलेल्या रॉबर्ट वड्रा यांचे नाव त्या यादीतून निघायला 2015 साल उजाडले.

लेखासोबतच्या चौकटीत 100 मिलिलिटरच्या बाटल्यांपासून पॉवर बँकेपर्यंत सारे नियम होते, पण सांधे बदललेल्यांनी काय करावे याची एकही ओळ नव्हती. शिवाय टंक इतका बारीक, की आम्हाला ती चौकट भिंग लावून वाचावी लागली. पुढच्या वेळी ती ओळ घालावी आणि अक्षर जरा मोठे ठेवावे, ही विनंती.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, नाशिकरोड