सेस्पेडेसचा शर्ट पाठवते आहे

चि. सोन्यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मी "बघू" म्हणून विषय टाळला, कारण गॅसवर दूध होतं आणि तुझा प्रश्न दूध उतू जायच्या आत संपणारा नव्हता. बेसबॉलमध्ये शर्यतीत असलेल्या संघाने भर मोसमात आपला मुरलेला आउटफिल्डर, म्हणजे मागच्या गवतावर चेंडू अडवणारा गडी, दुसऱ्याला देऊन टाकावा का? तुझ्या बॉस्टनच्या ऑफिसात सगळे मॅनी रामिरेझचं नाव घेऊन "हो" म्हणतात आणि तू एकटा आपल्या ओकलंडच्या सेस्पेडेसचं नाव घेऊन "नाही"वर अडून बसलायस. अकरा वर्षांचा होतास तेव्हापासून अडून बसलायस म्हणा. म्हणून काल गराजमधल्या खोक्यातून माझी स्कोअरबुकं काढली. देवनागरी वाचायला तुला वेळ लागेल, लागू दे. रविवारच्या मराठी शाळेला तुला सोडायला जाऊन जाऊन मी जे पेट्रोल जाळलंय, ते वसूल होऊ दे.

आधी तुझ्या ऑफिसवाल्यांचं. त्यांचं म्हणणं खोटं नाही. ३१ जुलै २००८ ला बॉस्टनने मॅनीला लॉस एंजेलिसच्या डॉजर्सकडे पाठवलं, तेव्हा तो ३६ वर्षांचा होता, दोन महिन्यांपूर्वीच त्याने ५००वा होमरन (चेंडू थेट मैदानाबाहेर) मारला होता आणि त्या वर्षी त्याची फटक्यांची सरासरी .२९९ होती, म्हणजे दहांत जवळपास तीन. म्हणजे बॅट थकलेली नव्हती, मन उडालं होतं. जूनमध्ये ह्यूस्टनला तिकिटांवरून त्याने क्लबच्या एका वयस्कर अधिकाऱ्याला ढकलून पाडलं. मग आज गुडघा दुखतो, उद्या खेळवत नाही. घरात असा एक रुसलेला जावई असला की जेवणाच्या पंगतीचं काय होतं, ते तू आपल्याकडच्या लग्नांत पाहिलं आहेस. त्यात त्याला नकाराधिकार होता. मोठ्या लीगमध्ये दहा वर्षं आणि त्यातली शेवटची पाच सलग एकाच संघात काढलेल्या खेळाडूला त्याच्या संमतीशिवाय कुठे धाडता येत नाही. त्याने संमती दिली, कारण पुढची दोन वर्षं त्याला ठेवून घेण्याचा जो हक्क बॉस्टनकडे होता तो काढून टाकायचं ठरलं. म्हणजे त्यालाही जायचंच होतं. उरलेल्या महिन्यांचा पगारसुद्धा बॉस्टननेच भरला.

पण तुझे ऑफिसवाले एक गोष्ट सांगायची विसरतात. बॉस्टनने लेफ्ट फील्ड, म्हणजे मागच्या गवताची मॅनीची डावी बाजू, एक दिवसही रिकामं ठेवलं नाही. त्याच तिहेरी सौद्यात पिट्सबर्गहून जेसन बे आला. तोही लेफ्ट फिल्डर, २९ वर्षांचा, पुढच्या वर्षीचाही करार असलेला. ४९ सामन्यांत त्याने .२९३ च्या सरासरीने ९ होमरन मारले आणि अॅनाहाइमच्या एंजल्सविरुद्धच्या प्लेऑफच्या (मोसमानंतरच्या बाद फेरीच्या) पहिल्या दोन्ही सामन्यांत एकेक. तिकडे मॅनीने डॉजर्सकडून ५३ सामन्यांत .३९६ आणि १७ होमरन असा धुमाकूळ घातला. आकडे समोरासमोर मांडले तर बॉस्टन फसलं असंच वाटेल. तरी बॉस्टन आपल्या लीगच्या अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यापर्यंत गेलं आणि टँपा बेकडून ३-१ हरलं. तो सामना हरलेला बॉस्टनचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, कोण, आठवतं? जॉन लेस्टर.

आता आपलं दुखणं.

३१ जुलै २०१४ ची सकाळ. तुला शाळेची सुट्टी होती, तू सिरियलचा बोल घेऊन टीव्हीसमोर बसलास आणि तो बोल तसाच मऊ होत राहिला. ओकलंडचे तेव्हा ६६ विजय, ४१ पराभव. साऱ्या बेसबॉलमध्ये आपल्यापेक्षा चांगला संघ नव्हता. आणि आपल्या संघाचे सौदे ठरवणाऱ्या बिली बीनने योएनिस सेस्पेडेस बॉस्टनला देऊन लेस्टर आणि जॉनी गोम्स आणले. सेस्पेडेस वयाने काही म्हातारा नव्हता, २८ चा. पण क्युबात आठ मोसम काढून आलेला, लागोपाठ दोन वर्षं होमरन मारायची स्पर्धा, होमरन डर्बी, जिंकलेला. आणि जूनमधला तो थ्रो! अॅनाहाइमला लेफ्ट फील्डच्या कोपऱ्यात चेंडू त्याच्याकडून निसटला, त्याने धावत जाऊन उचलला आणि तिथून थेट, एकही टप्पा न पडता, धाव पूर्ण होते त्या होम प्लेटवर. हाउई केंड्रिक आउट. तू तो थ्रो आपल्या अंगणात संत्री फेकून फेकून करून दाखवायचास. शेजारच्या काकूंच्या गाडीवर पडलेलं संत्रं मी पुसलंय.

२ ऑगस्टची तिकिटं आपण महिनाभर आधी काढली होती, कारण त्या दिवशी स्टेडियमवर सेस्पेडेसच्या नावाचे शर्ट फुकट वाटणार होते. माणूस गेला तरी शर्ट वाटलेच! आपल्या संघाच्या स्टेडियमचं, कोलिझियमचं, स्टेशन सोडून बार्ट ट्रेनच्या पुलावर तू तोंड फुगवून चाललेला, मी स्कोअरबुक काखेत मारून तुझ्या मागे. आणि त्याच दिवशी लेस्टरचा आपल्याकडचा पहिला सामना, कॅन्सस सिटीशी. हजारो माणसं सेस्पेडेसचं नाव मिरवत बसली होती आणि ज्याच्यासाठी सेस्पेडेस गेला त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होती. आपण ८-३ जिंकलो. तू टाळी वाजवली नाहीस.

मला तेव्हा बीनचं म्हणणं पटलं होतं, हे आज कबूल करते. सेस्पेडेसचे होमरन डोळ्यांत भरायचे, पण दर दहा वेळा बॅट घेऊन गेला की तीनदाच बेसवर पोचायचा, त्या वर्षी .३०३. पुढच्या वर्षानंतर तो जाणारच होता आणि करारातल्या एका कलमामुळे ओकलंडला बदल्यात काही मिळणार नव्हतं. आणि प्लेऑफमध्ये एक पहिल्या दर्जाचा पिचर दोन सामने ओढून नेतो, हे आपण डेट्रॉइटच्या व्हरलँडरकडून दोन वर्षं सोसलेलंच होतं.

पण मग मोजदाद केली. सौद्यानंतर ५५ सामने उरले होते, त्यांतले लेस्टरने ११ टाकले. पिचर पाचातून एकदा येतो. लेफ्ट फिल्डर रोज येतो, चार वेळा बॅट घेऊन येतो. लेस्टरने आपलं काम चोख केलं, अर्न्ड रन सरासरी (नऊ इनिंगांच्या सामन्यामागे दिलेल्या धावा) २.३५, आणखी काय करायचं त्याने? ज्या दिवशी तो नसायचा त्या चार दिवसांचं काय, हा प्रश्न होता. सेस्पेडेसच्या जागी खेळणारे गोम्स आणि सॅम फुल्ड दोघेही मेहनती, पण त्यांना पाहून पिचरच्या तळहाताला घाम फुटत नसे. उरलेल्या ५५ पैकी २२ जिंकले, ३३ हरले. एंजल्स दहा सामन्यांनी पुढे निघून गेले. शेवटच्या दिवशी टेक्सासमध्ये आपला पिचर सॉनी ग्रेने जिंकून दिलं म्हणून वाइल्ड कार्ड, म्हणजे पहिलं न येताही एका सामन्यातून पुढे जायची संधी, तरी मिळाली. सगळं खापर सौद्यावर फोडू नकोस हं. आपल्या ब्रँडन मॉसचा खुबा कुरकुरत होता, पिचर डूलिटल ऑगस्टच्या शेवटी जायबंदी झाला.

आणि आता तो सामना. ३० सप्टेंबर, कॅन्सस सिटी, नवरात्र चालू होतं. स्कोअरबुकाच्या त्या पानावर साबुदाण्याच्या खिचडीचा तुपकट डाग अजून आहे. कुणी बेस चोरला, म्हणजे पिचर चेंडू टाकत असताना धावून पुढचा बेस गाठला, की मी कोपऱ्यात 'च' लिहिते, तुला माहीत आहे. त्या पानावर सात 'च' आहेत. धावणाऱ्यांना रोखण्यासाठी म्हणून खास खेळवलेल्या आपल्या कॅचर (क्रिकेटच्या विकेटकीपरसारखा) सोटोचा अंगठा सुरुवातीलाच दुखावला आणि लेस्टर पहिल्या बेसकडे चेंडू टाकतच नाही, हे त्या लोकांनी हेरलं. आठव्या इनिंगमध्ये आपण ७-३ पुढे होतो. मी समईत तेल घालायला उठले, परत आले तर ७-६. नवव्यात बरोबरी. बाराव्यात आपण पुन्हा एकने पुढे, आणि शेवटी त्यांच्या पेरेझचा तो फटका आपल्या डोनाल्डसनच्या बाजूने निसटून रेषेलगत गेला. ९-८.

तू रडत म्हणालास, "सेस्पेडेस असता तर घरी फेकून आउट केला असता." तू आजही तेच म्हणतोस. बाळा, त्यांचा धावणारा कोलन दुसऱ्या बेसवरून सुटला होता आणि चेंडू रेषेवरून कोपऱ्याकडे. त्याला क्युबाचा हात पुरला नसता. आणि त्या दिवशी आपण ८ धावा केल्या होत्या. मॉसने दोन होमरन मारून त्यातल्या ५ एकट्याने आणल्या. त्या रात्री बॅट कमी पडली नाही, ज्याच्यासाठी बॅट विकली तो पिचर कमी पडला. त्याच्या नावावर ६ धावा लागल्या. बॅट कमी पडली ती ऑगस्ट-सप्टेंबरात, आणि म्हणून आपण त्या एका सामन्याच्या जुगारात जाऊन बसलो. म्हणजे तू चुकीच्या रात्रीचं बरोबर दुःख करतोयस.

हा मॉस, गंमत बघ, २००८ मध्ये मॅनीच्याच सौद्यात बॉस्टनहून पिट्सबर्गला गेलेला पोरगा. त्याच मार्चमध्ये टोकियोत ओकलंडविरुद्ध त्याने नवव्या इनिंगमध्ये होमरन मारून बरोबरी केली होती आणि दहाव्यात मॅनीच्या डबलने सामना नेला होता. तुझ्या ऑफिसात हे सांग, चहा मिळेल.

तर माझं उत्तर असं. विकावा, खुशाल विकावा, पण त्याच गवतावर उभा राहणारा दुसरा माणूस त्याच संध्याकाळी येत असेल आणि जाणाऱ्यालाही जायचं असेल तरच. पिचरसाठी विकू नये. बीनने माझ्यासारखीच मोजदाद केली असणार आणि तरी वेगळं ठरवलं. तो चाळीसहून जास्त वर्षं या खेळात आहे, मी हिशोबाच्या वहीत.

लेस्टर डिसेंबरात शिकागो कब्जकडे गेला, साडेपंधरा कोटी डॉलर घेऊन. त्याच उन्हाळ्यात आपण पिचरांसाठीच कब्जना दिलेला अॅडिसन रसेलही तिथे होता, आणि २०१६ मध्ये दोघांनी मिळून वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अखेरची लढत, जिंकली. त्या रात्री तुझे बाबा म्हणाले, टीव्ही बंद कर. मी केला नाही.

कोलिझियममधून आपला संघही आता गेला. सप्टेंबर २०२४ मधला शेवटचा सामना पाहून येताना मी पुलावर जरा थांबले होते, हे तुला सांगितलं नव्हतं.

पार्सलमध्ये भाजणी, मेतकूट आणि लिंबाचं लोणचं आहे. लोणच्याची बरणी फुटू नये म्हणून तुझ्या त्या शर्टात गुंडाळली आहे. तुला आता तो होणार नाही, पण फेकू नकोस. डाग पडला तर थंड पाण्यात भिजव, गरम नको.

तुझी,
आई