आवाहन : निरोगी मुलांचे दोन मिली रक्त हवे आहे

सप्रेम नमस्कार,

हृदयरोगी मुलांच्या पालकांचे आपले मंडळ काय करते, हे आपणांस नव्याने सांगायला नको. गावोगावची इको (हृदयाची सोनोग्राफी) शिबिरे, ऑपरेशनला शहरात गेलेल्या आईबापांच्या मुक्कामाची सोय, सारे आपल्याच जिवावर उभे राहिले. मेडिकलवाल्या काकांनी मागण्याआधीच डीप फ्रीजर पाठवला, त्याचे वीजबिलही तेच भरतात. कन्याशाळेच्या बाईंनी निवृत्तीनंतरची पहिली पेन्शन जशीच्या तशी दिली आणि पावती नातीच्या नावाने घेतली. त्या नातीच्या हृदयाचे छिद्र बुजवले, आता ती खो-खो खेळते! लॅबवाल्या ताई तर कितीतरी रविवार मंडळाला देत आल्या आहेत.

आता कामाचे. आपल्यातल्याच एका घरी चार दिवसांच्या बाळाच्या रक्तात एनटी-प्रोबीएनपी, म्हणजे हृदयावर ताण आला की वाढणारे द्रव्य, तीन हजारांवर आले. रिपोर्टवर मर्यादा छापली होती १२५, म्हणजे मोठ्या माणसांची. ओल्या बाळंतिणीसह रात्रीतून शहर गाठले. बाळाचे हृदय ठणठणीत निघाले. हे द्रव्य जन्मतःच निरोगी बाळातही भरपूर असते, मग झपाट्याने उतरते. २००९ साली ६९० मुलांची माहिती एकत्र करून काढलेली वरची मर्यादा पहिल्या दोन दिवसांत ११,९८७, तिसऱ्या ते अकराव्या दिवशी ५,९१८, महिन्यानंतर वर्षापर्यंत ६४६ आणि सहा ते चौदा वर्षांत १५७ पिकोग्रॅम (दर मिलीलिटर रक्तात) आहे. म्हणजे ६०० हा आकडा तान्ह्याला चालेल, शाळकरी मुलाला नाही.

आपल्या भागातल्या मुलांचा असा तक्ता आपल्याला करायचा आहे. त्यासाठी प्रत्येक वयोगटात किमान १२० निरोगी मुले लागतात. कॅनडात टोरांटोला निरोगी मुलांचे असेच तक्ते करणाऱ्या कॅलिपर प्रकल्पासाठी पालक आपणहून मुलांना घेऊन आले. आपल्याकडे गेल्या वर्षी सभेत टाळ्या पडल्या, पण मुले बोटांवर मोजण्याइतकीच आली. ताई दुपारपर्यंत नळ्या मांडून बसल्या होत्या. ते मनाला लागले.

येत्या रविवारी सकाळी ९ ते १२, मंडळाचे कार्यालय. उपाशीपोटी येण्याची गरज नाही. ताप, हृदय वा मूत्रपिंडाचा आजार नसावा. पालकांची लेखी संमती, मोठ्या मुलांचा होकार आवश्यक. नवजात बाळांना वेगळी सुई नाही, काविळीच्या तपासणीसाठी रक्त घेतील तेव्हाच थोडे जास्त. तपासणी किटसाठी देणगी रोख वा चेकने, चेक मंडळाच्या नावे, पावती लगेच.

आपला,
चिटणीस