घराचे कागद बँकेत देण्याआधी

ती. बाबा आणि ती. आई,
शि. सा. नमस्कार.

अभीला एमबीएसाठी कुठल्या देशात पाठवायचं, असं बाबा तुम्ही विचारलंत. फोनवर सांगितलेले आकडे विरून जातात, म्हणून लिहूनच पाठवतेय. आई, हे पत्र अभीसमोर वाच. आणि घराच्या कागदांची फाईल सध्या कपाटातून काढूच नकोस.

देशाचं नाव आधी ठरवलं की पुढचं सगळं गणित चुकतं. शिकून झाल्यावर कोणतं काम करायचं आणि कुठल्या गावच्या पगारावर हप्ता फेडायचा, हे आधी ठरायला हवं. अभीची चार वर्षं चाकणला प्रॉडक्शन प्लॅनिंगमध्ये गेली, आणि त्याला सप्लाय चेनमध्येच, म्हणजे कच्च्या मालापासून गिऱ्हाइकापर्यंत माल पोचवण्याच्या कामातच, राहायचंय. त्याच्यासाठी माझ्या मते जर्मनी किंवा आपला देश. अमेरिका फक्त मोठी स्कॉलरशिप मिळाली तरच.

जर्मनीबद्दल एक मोठा गैरसमज आहे. 'तिथे शिक्षण फुकट' हे सगळीकडे खरं नाही. एमबीए नावाचे कोर्स तिथेही भरपूर फी घेतात. स्वस्त असतात ते सरकारी विद्यापीठांतले मॅनेजमेंटचे एम.एस्सी. त्यांतही मानहाइम हे शहर ज्या राज्यात आहे तिथे युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना 2017 पासून सेमिस्टरला 1,500 युरो भरावे लागतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने 2024 च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सला सेमिस्टरमागे 4,000 ते 6,000 युरो फी लावली.

इंजिनिअर तिथे हमखास अडकतो तो विषयांवर. पदवीत कॉमर्स-इकॉनॉमिक्सचे ठरावीक क्रेडिट नसतील तर बहुतेक मॅनेजमेंट मास्टर्सला अर्ज छाननीतच बाद होतो, मग टक्के कितीही असोत. अभीने आठ सेमिस्टरमध्ये असे विषय किती केले? इंडस्ट्रियल मॅनेजमेंटचा एखादा पेपर असेल, तेवढ्यावर भागत नाही. म्हणून त्याने इंजिनिअरांसाठीच आखलेले कोर्स पाहावेत. म्युनिकच्या त्या विद्यापीठात तसा एक आहे. प्रत्येक कोर्सच्या पानावर प्रवेशाचे नियम असतात. ते त्याने स्वतः वाचावेत, कन्सल्टंटच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नये. अनेक कन्सल्टंटना परदेशी कॉलेजांकडून विद्यार्थ्यामागे कमिशन मिळतं, त्यामुळे जिथे कमिशन नाही ती सरकारी विद्यापीठं त्यांच्या यादीत सहसा सापडत नाहीत.

जर्मनीला अर्ज करायच्या आधी एपीएस प्रमाणपत्र लागतं. आपल्या मार्कशीट खऱ्या आहेत याची ती तपासणी. फी 18,000 रुपये, आणि वेळ आठवड्यांत मोजावा लागतो. व्हिसासाठी वर्षाच्या राहण्याखाण्याचे 11,904 युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधीच ठेवावे लागतात आणि त्यातून महिन्याला 992 युरो सुटतात. ती फी नव्हे, अभीचाच खर्च. युरो शंभर रुपये धरला, तर म्युनिकची सर्वांत वरची फी आणि दोन वर्षांचं राहणं मिळून 48 लाखांच्या आसपास, आणि सेमिस्टरला 1,500 युरोवाल्या ठिकाणी 30 लाख. विमान आणि विमा वेगळे. पदवीनंतर नोकरी शोधायला 18 महिने मिळतात, पण कारखान्याच्या कामात जर्मन भाषा लागतेच. भाषेच्या बी-2 पातळीपर्यंत मजल गेली नाही तर ते 18 महिने अर्ज पाठवण्यातच सरतील. शिकवणी आत्ताच लावा, तिकडे गेल्यावर नको.

अमेरिकेचं थोडक्यात सांगते. नामवंत बिझनेस स्कूलांत दोन वर्षांचा खर्च 2 लाख डॉलरच्या वर जातो. शिक्षणानंतर 12 महिने काम करता येतं, आणि कोर्स 'स्टेम' (विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताचा) गणला गेला असेल तर आणखी 24 महिने. तो गणला जातो की नाही हे माहितीपत्रकाच्या रंगीत पानावरून कळत नाही. कॉलेज आय-20 नावाचा कागद देतं, त्यावर विषयाचा सहा आकडी कोड छापलेला असतो. 52.1301 म्हणजे मॅनेजमेंट सायन्स, तो स्टेम. 52.0201 म्हणजे साधं बिझनेस अॅडमिनिस्ट्रेशन, तो नाही. नाव दोन्हीकडे एमबीएच, पण या कोडने दोन वर्षांचा फरक पडतो. त्यानंतर एच-1बी या नोकरीच्या व्हिसाची वार्षिक मर्यादा 65,000, आणि तिकडच्या मास्टर्सवाल्यांना जादा 20,000. अर्ज त्याहून खूप जास्त येतात, म्हणून त्यांतून निवड होते. कर्जाचा हप्ता अशा निवडीवर टांगून ठेवणं मला पटत नाही.

इंग्लंडचा एमबीए एका वर्षात होतो, हे आई तुला आवडलं होतं. पण शिक्षणानंतर तिथे राहायची दोन वर्षांची मुदत 1 जानेवारी 2027 पासूनच्या अर्जांना 18 महिन्यांवर येते. शिवाय व्हिसासाठी दाखवायची रक्कम खात्यात सलग 28 दिवस असावी लागते. मध्ये एक दिवस जरी शिल्लक कमी झाली तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो. पैसे बाबांच्या खात्यात असतील तर अभीचा जन्मदाखला आणि बाबांचं संमतिपत्र जोडायचं, दाखला मराठीत असेल तर प्रमाणित भाषांतरासह.

आपल्या देशातले पर्याय घरात कुणी गांभीर्याने घेतलेच नाहीत, याचं मला वाईट वाटतं. पवईची नीटी 2023 मध्ये आयआयएम मुंबई झाली. ऑपरेशन्स आणि सप्लाय चेनसाठी ती कित्येक वर्षं नावाजलेली आहे, आणि तिथे कॅट या प्रवेश परीक्षेतून जाता येतं. अनुभवी लोकांसाठी आयआयएम अहमदाबादचा एक वर्षाचा पीजीपीएक्स कोर्स आहे, हैदराबाद-मोहालीची आयएसबी ही बिझनेस स्कूल आहे. या दोन्हींना जीमॅट ही मॅनेजमेंटची आंतरराष्ट्रीय प्रवेश परीक्षा चालते. परीक्षा सव्वादोन तासांची, गुण 205 ते 805 आणि निकाल पाच वर्षं धरला जातो. म्हणजे एकदा नीट दिली की इथे आणि बाहेर दोन्हीकडे उपयोगी.

आता घराचं. शेतजमीन बहुतेक बँका शैक्षणिक कर्जाला तारण घेत नाहीत, त्यामुळे मोठ्या रकमेला त्यांचा डोळा राहत्या घरावरच जाणार. दहा टक्के व्याज आणि दहा वर्षं धरली, तर 30 लाखांना महिना सुमारे 39,650 रुपये हप्ता बसतो, 50 लाखांना 66,075 आणि एक कोटीला 1,32,150. अभीला तिकडे नोकरी मिळाली नाही आणि तो पुण्यात परत आला, तर इथल्या पगारातून यातला कुठला हप्ता जाईल? तीच कर्जाची मर्यादा. त्याच्या पलीकडचा देश यादीतून काढून टाका.

शिकत असताना हप्ता नसतो, पण व्याज चालूच राहतं. 30 लाख पूर्ण उचलले की महिन्याला 25,000. त्यातलं जमेल तेवढं दर महिन्याला भरत गेलात तर मुद्दल फुगत नाही. मी त्यात निम्मा वाटा उचलेन, हे नक्की धरा. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून परदेशी फी गेली तर टीसीएस (बाहेर पाठवलेल्या पैशांवर आधीच घेतला जाणारा कर) कापला जात नाही. स्वतःच्या खात्यातून वर्षाला 10 लाखांवर पाठवलं तर कापला जातो आणि रिटर्न भरल्यावर वळता होतो, पण तोवर पैसा अडकून पडतो. मुंबईच्या जे. एन. टाटा एन्डोमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती 1892 पासून चालू आहे, तिच्या अर्जाची तारीख अभीने चुकवू नये.

आई, अभीच्या आठही सेमिस्टरच्या मार्कशीट बहुधा लोखंडी कपाटात खालच्या कप्प्यात आहेत. एटीकेटीच्या असतील त्याही काढ. दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा. विषय मोजून येत्या रविवारी फोन करते.

तुमची,
मनू