माझ्या वाटचं गाणाऱ्या काकूंना

प्रिय काकू,

प्रभूमध्ये सलाम.

एकट्यात आभार मानले की तुम्ही "अगं, मी काय केलं" म्हणता आणि विषय बदलता. म्हणून आज सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

बाबा दवाखान्यात होते तेव्हा १९ रात्री मी जिन्याच्या पायरीवर बसून प्रार्थना केली. विसाव्या दिवशी पहाटे ते गेले. मातीनंतर भेटायला आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने बायबलमधल्या रोमकरांस पत्रातलं ८:२८ हे वचन ऐकवलं. देव सगळ्या गोष्टी मिळून कल्याणच करतो, हे वचन मी तेव्हाही खरं मानत होते, आजही मानते. पण त्याच अध्यायात, त्याच्या अगदी आधी, ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल कण्हण्याबद्दल लिहितो. सृष्टी कण्हते, आपण कण्हतो, आणि आपल्याला शब्द सुचत नाहीत तेव्हा पवित्र आत्माही कण्हून आपल्यासाठी विनंती करतो. ते सगळं वगळून मला नुसतं अठ्ठाविसावं वचन दिलं जात होतं.

मग माझी प्रार्थना थांबली. प्रभूची प्रार्थना सुरू केली की 'पित्या' या शब्दावरच गळा दाटायचा. उपासनेला यायचे, मागच्या बाकावर बसायचे, गीत सुरू झालं की नुसती उभी राहायचे. तुम्ही तुमची नेहमीची जागा सोडून माझ्याशेजारी येऊन बसू लागलात. कितीतरी रविवार काही बोलला नाहीत. मग एकदा पुस्तक उघडता उघडता हळूच म्हणालात, "गाता येत नाही ना? राहू दे. तुझ्या वाटचं मी गाते."

काकू, त्या दिवशी मी पहिल्यांदा रडले.

नंतर तुम्ही घरी आलात आणि ८८ वं स्तोत्र वाचलंत. बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटाला येता येता स्तुतीकडे वळतात, हे तसं वळत नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच काळोख आहे. मी म्हटलं, असं स्तोत्र पवित्र शास्त्रात ठेवलंच कशाला? तुम्ही पहिल्या ओळीवर बोट ठेवलंत. ते स्तोत्र रचणारा हेमान सगळी तक्रार करतो ती त्याला तारणाऱ्या देवापाशीच. "पाठ फिरवून गेला असता तर हे स्तोत्र झालंच नसतं," तुम्ही म्हणालात. माझं भांडणही देव ऐकतो, हे मला त्या संध्याकाळी कळलं.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातला पक्षघाती माणूस मी लहानपणापासून ऐकत आले होते. कफर्णहूमातलं ते गच्च भरलेलं घर, आत शिरता येईना म्हणून उसकटलेलं छप्पर, त्यातून येशूपुढे खाली सोडलेली त्याची बाज. मला नेहमी छपराचंच नवल वाटायचं. येशूने 'त्यांचा विश्वास' पाहिला, हे तुम्ही दाखवून दिलंत. त्या माणसाने स्वतः विश्वासाचा एक शब्दही उच्चारल्याचं मार्काने लिहिलेलं नाही. चौघांनी त्याला उचलून आणलं, आणि प्रभूला ते पुरलं. कितीतरी महिने मी त्या बाजेवर होते आणि एक कोपरा तुमच्या हातात होता.

प्रार्थना नेमकी कधी परत आली ते सांगता येत नाही. पहिल्यांदा तोंडून निघालं ते तेराव्या स्तोत्रातलं 'कोठवर'. दावीद चार वेळा विचारतो, मी त्याहून जास्त वेळा विचारलं असेल. आता मी गातेही, आवाज अजून मधेच फुटतो.

एक गोष्ट तेव्हा विचारली नव्हती. तुमच्या शास्त्रात ८८ व्या स्तोत्राच्या समासात पेन्सिलीने लिहिलेली एक जुनी तारीख आहे. तुम्ही वाचत होतात आणि तुमचा अंगठा तिच्यावर होता. काकू, तेव्हा तुमची बाज कोणी उचलली होती? सांगावंसं वाटलं तर या रविवारी सांगा. मी मागच्याच बाकावर आहे, तुमच्यासाठी जागा धरून.

तुमची,
शेजारी बसणारी