चिलियनवाला वेगळं, जालियनवाला वेगळं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवाच्या रविवार पुरवणीत पंजाबवरच्या लेखात फोटोखाली ‘चिलियनवाला, अमृतसर’ असं छापलंय. आधी वाटलं टायपिंगचा घोळ असेल, पण लेखातही ‘चिलियनवाला इथे निःशस्त्र शिखांवर गोळीबार’ वाचलं आणि चहा तसाच ठेवून लिहायला बसलो. अहो, जालियनवाला बाग १३ एप्रिल १९१९ ची, अमृतसरची (तिथेही नुसते शीख नव्हते, हिंदू-मुसलमान सगळेच होते, पण ते असो). चिलियनवाला ही त्याच्या ७० वर्षं आधीची इंग्रज-शिखांची लढाई, १३ जानेवारी १८४९, झेलम नदीजवळ, ते गाव आता पाकिस्तानात आहे. तारीख दोन्हीकडे १३, एवढंच काय ते साम्य.

नावं सारखी वाटतात, मान्य. पण एकीकडे कोंडलेल्या माणसांवर गोळ्या झाडल्या, आणि दुसरीकडे शीख सरदार शेरसिंग अटारीवाल्याच्या फौजेने इंग्रजांच्या तोंडचं पाणी पळवलं, या दोन गोष्टी एक कशा होतील? इंग्रजांचा सरसेनापती गफ दुपारी तळ टाकायच्या बेतात होता, तेवढ्यात शिखांच्या तोफा सुरू झाल्या, आणि हा गडी तडकला, पुढे काय वाढून ठेवलंय ते नीट न बघता फौज घातली काटेरी झुडपांच्या रानात. २४ नंबरची गोरी पलटण बंदुका न झाडता संगिनी रोखून थेट तोफांवर धावली, तर त्या एकट्या पलटणीचे मेलेले-जखमी ५०० च्या वर गेले. एका बाजूचं घोडदळ मागे फिरलं ते स्वतःच्याच तोफांमधून पळत सुटलं! इंग्रजांच्या ४ तोफा गेल्या, एकूण मेलेले-जखमी २३०० हून जास्त, आणि वरून पाऊस लागला तो वेगळाच. विलायतेत बातमी पोचल्यावर गफच्या जागी नेपियरला पाठवायचं ठरलं.

तो येईस्तोवर गफने २१ फेब्रुवारीला गुजरातची लढाई मारली (आपलं गुजरात नाही, पंजाबातलं गाव, नाहीतर पुढच्या रविवारी अहमदाबादचा फोटो यायचा). या वेळी मात्र आधी तासनतास तोफा चालवल्या, मग पायदळ सोडलं. मुलतान इंग्रजांच्या हाती पडल्यामुळे तिथे वेढा घालून बसलेली त्यांची फौजही येऊन मिळाली होती, आणि त्यात मुंबई फौजेच्या पलटणी होत्या, म्हणजे आपल्याकडचे देशी शिपाई कंपनीच्या बाजूने लढले. तुमच्या लेखात याचा एक शब्द नाही. २९ मार्चला पंजाब खालसा झाला, खालशांचंच राज्य खालसा, काय बोलायचं!

तेव्हा दुरुस्ती छापाच, आणि ती शेवटच्या पानावर छोट्या जाहिरातींच्या खाली नको, पुरवणीतच, त्याच जागी.

आपला,
एक जुना वाचक, मिरज